नंबर शाबूत आहे, चासी नाही

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. सुरुवातीला वाटेल की पत्रकार आपल्या जुन्या जीपचं रडगाणं गातोय. थोडंसं तसं आहेही. पण शेवटपर्यंत वाचलंत तर रविवारी तुमच्या दारातल्या गाडीखाली टॉर्च घेऊन एकदा वाकाल, एवढ्यासाठी लिहितोय.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. गणपती गावाला गेले आणि दोन दिवसांनी बहिणीला आणि तिच्या दोन पोरांना एसटी स्टँडवर सोडायला निघालो. गाडी आमच्या आबांची, महिंद्रा एमएम ५४०, १९९० ची. वाडीतून खाली उतरणारा रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला वहाळ. दुसऱ्या वळणावर मागून कडाड् असा आवाज आला आणि गाडी एका बाजूला खचली. वेग विसाच्या वर नव्हता. ब्रेक लागला आणि नशिबानं गाडी डोंगराच्या बाजूला जाऊन टेकली. भाचा म्हणाला, "मामा, टायर फुटला."

टायर ठणठणीत होता. मागच्या पाट्यांचा हँगर चासीतून उपटून बाहेर आला होता. हँगर तुटला नव्हता, रिव्हेटही धड होते. ते ज्या लोखंडात ठोकले होते, ते लोखंडच तिथे उरलं नव्हतं. ओल्या पुठ्ठ्यातून टाचणी ओढून काढावी, तसा तो निघाला होता.

कोणाला खरचटलंही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ही गाडी चारच महिन्यांपूर्वी पास झाली होती.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या गाडीची पाळी मे २०२५ मध्ये आली. एप्रिल २०२२ मध्ये या कामाची केंद्राची फी ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली, ती मी भरली. पर्यावरण कर वेगळा. (आता ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला हीच फी १०,००० झाली आहे.) तपासणीला गाडी नेली. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, इंडिकेटर बघितले, पीयूसी बघितलं. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला. नंबर अक्षरन् अक्षर जुळला. गाडी पास!

ठसा घेणारा माणूस चासीपासून हातभर अंतरावर होता. त्यानं बघितला तो नंबर. चासी कोणीच बघितली नाही. कोण, कुठलं कार्यालय, ते लिहीत नाही, कारण ही एका माणसाची चूक नाही. त्याच्या हातातल्या कागदावर "खाली वाकून हातोडी मारा" असा रकाना असता तर त्यानं मारलीही असती.

आणि आता माझी बाजू. मला माहीत होतं.

पूर्ण नव्हतं, पण होतं. दर मे महिन्यात आपल्याकडे गाडीला खालून जळकं ऑइल मारतात, तसं मीही मारून घ्यायचो. दोन वर्षांपूर्वी ऑइल मारणारा पोरगा म्हणाला होता, "दादा, मागं जरा पोपडे सुटलेत." मी म्हटलं, "मार रे, वरून मार." पास करायला नेण्याआधी काळा रंगही मीच मारून घेतला होता. गाडी खालून नव्यासारखी दिसत होती. म्हणजे तपासणाऱ्यानं जे बघितलं नाही, ते दिसू नये याची व्यवस्था मी स्वतः केली होती. सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ कोसळला, एसटीच्या दोन बस माणसांसकट वाहून गेल्या. त्यानंतर आठवडाभर मी तालुक्यातल्या साकवांच्या बातम्या केल्या होत्या. सळया कशा उघड्या पडल्यात, वरून गिलावा कसा मारलाय, मोठमोठे मथळे. आणि स्वतःच्या दारात गिलावा मारलेलं लोखंड घेऊन बहिणीची पोरं फिरवत होतो. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

गाडी टेम्पोवर घालून मिस्त्रींकडे नेली. तुमच्यापैकी अर्ध्यांच्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेल्यात. त्यांनी बारकी हातोडी घेतली आणि पुढून मागे ठोकत गेले. पुढे टण्ण, टण्ण, टण्ण. बॉडीच्या मधल्या माउंटिंगपाशी आवाज बदलला. मागच्या आडव्या पट्टीपाशी तर आवाजच नाही, हातोडी आत! बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "भाऊ, चासी नाय ऱ्हायली. रंग आहे नुसता, त्याला गंजानं धरून ठेवलाय."

असं का होतं, ते थोडक्यात सांगतो, कारण किनारपट्टीवरच्या प्रत्येक गाडीला हे लागू आहे. नुसत्या पाण्यानं लोखंड गंजतं, पण मीठ आलं की कामाचा वेग बदलतो. मीठ ओल धरून ठेवतं आणि त्या ओलीतून वीज सहज वाहते, त्यामुळे लोखंड झिजण्याची क्रिया थांबतच नाही. आपल्या हवेत मीठ आहे. त्यात २००३ ते २००५ या काळात काका बंदरावरून मासळी आणायचे. टोपल्यांतून बर्फाचं खारट पाणी ठिबकायचं आणि मागच्या पट्टीवर साचायचं. दुसरी गोष्ट म्हणजे जीपची चासी उघडी दिसली तरी तिच्यात बंद जागा पुष्कळ असतात. जिथे पत्र्यावर पत्रा आहे, जिथे जोरासाठी पट्टी जोडून पेटीसारखा आकार केलाय, तिथे चिखल आत जातो आणि बाहेर येत नाही. तिसरी गोष्ट, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या मधला गंज फुगतो आणि पत्रे फाकवतो. बाहेरून फुगलेला रंग दिसतो तेव्हा आतलं काम बरंच उरकलेलं असतं. आणि जळकं ऑइल? ते बाहेरून लागतं. आतल्या ओल्या चिखलापर्यंत पोचतच नाही. गंजावर मारलेला जाड काळा रंग तर ओल आत कोंडून ठेवतो.

मग उपाय काय? या जीपचा एक मोठा गुण आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत महिंद्रानं मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. एमएम ५४० त्याच घराण्यातली. या घराण्यात चासी म्हणजे पाया आणि बाकी सगळं त्यावर बोल्टनं बसवलेलं. हल्लीच्या बहुतेक मोटारींत बॉडी आणि पाया एकच असतो, तसं इथे नाही. म्हणजे चासी बदलता येते. बॉडीचे बोल्ट काढायचे (गंजलेले असतात, गॅसनं तापवल्याशिवाय हलत नाहीत), वायरिंग, ब्रेकचे पाइप, डिझेलचे पाइप, स्टिअरिंग सोडवायचं, सहा-आठ माणसांनी टप उचलून बाजूला ठेवायचा. मग इंजिन, गिअरबॉक्स, फोरव्हीलचा बॉक्स. मग दोन्ही हाउसिंग पाट्यांसकट. उरते ती नुसती शिडीसारखी चासी. तिच्या जागी त्याच मापाची नवी ठेवायची, पण त्याआधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्यायची. ती सारखी आली नाहीत तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहणार. परवडत असेल तर बसवण्याआधी चासी जस्ताच्या कढईत बुडवून घ्यायची. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवली की जस्त आतून-बाहेरून बसतं आणि लोखंडाआधी स्वतः झिजतं. फक्त पेटीसारख्या भागांना आधी भोकं पाडावी लागतात, नाहीतर आत कोंडलेली हवा आणि ओल कढईतच फुटते. बोल्ट, रबरी बुश, ब्रेकचे पाइप सगळे नवे. मिस्त्रींच्या हिशेबानं महिनाभराचं काम. अवघड आहे, पण जादू नाही. लोखंडाचं काम म्हणून सांगायचं तर गंजक्या पत्र्यावर पत्रा डकवण्यापेक्षा हे शंभर पटीनं चोख.

अडचण लोखंडाची नाही. अडचण त्या लोखंडावर ठोकलेल्या नंबराची आहे.

कायद्याच्या नजरेत चासी नंबर म्हणजे गाडीची जन्मखूण. बाकी सगळं बदललं तरी चालेल, हा नंबर गेला की गाडी अनाथ. मी चौकशी सुरू केली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला.

पहिला सल्ला: "पॅच मारून टाक. वरून लांबी, वरून रंग. पाच वर्षं कोण बघतंय?" म्हणजे जे मी केलं होतं तेच, जरा जास्त पैसे घालून.

दुसरा सल्ला एका एजंटाचा, आणि तो मला बसून शांतपणे समजावून सांगत होता. "साहेब, भंगारातून त्याच मॉडेलची चासी आणा. तिच्यावरचा नंबर घासून टाका. तुमच्या जुन्या चासीचा नंबराचा तुकडा कापा आणि तिथे वेल्ड करा. वरून ग्राइंडर मारला की देवालाही कळणार नाही." मी विचारलं, हे कायदेशीर आहे का? तो हसला. "साहेब, सोपं आहे."

तिसरा सल्ला: "भंगारात घाल रे. नवी थार घे." मित्र बागायतदार आहे, त्याला सोपं आहे.

सरळ रस्ता कोणता, हे विचारायला मी कचेरीत गेलो. एका खिडकीवर सांगितलं, चासी बदलता येत नाही. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, कंपनीचं पत्र आणा. जी गाडी कंपनीनं बनवणं कधीच बंद केलं, तिच्या चासीचं पत्र! तिसऱ्यानं सांगितलं, आधी बदलून आणा, मग बघू. हा तिसरा सल्ला सगळ्यात धोक्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

याच कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. मला ते मान्य आहे. तीन फूट वाढवलेल्या जीप, ट्रकची चाकं लावलेल्या जीप रस्त्यावर नकोतच. पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच मापाची, त्याच जाडीची, त्याच जागी भोकं असलेली चासी घातली, तर उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत काय झालं? लांबी तीच, वजन तेच, आसनं तीच, इंजिन तेच. बदलला फक्त नंबर. उलट आज जी चासी खाली आहे, जिच्यात हातोडी आरपार जाते, तीच उत्पादकाच्या तपशिलाशी सगळ्यात विसंगत आहे. कंपनीनं काही पुठ्ठ्याची चासी दिली नव्हती.

कलम ५२ मध्ये इंजिन बदलल्यास काय करायचं याचा उल्लेख आहे. इंजिन बदलणारा माणूस अर्ज करतो, पुस्तकात नोंद होते, विषय संपतो. चासीसाठी अशी सामान्य माणसाला समजेल, खिडकीवरचा माणूस न अडखळता सांगेल, अशी पायरी-पायरीची वाट नाही. आणि वाट नसली की चोरवाट तयार होते. प्रामाणिक माणूस गंजकी चासी चालवत राहतो, अप्रामाणिक माणूस नंबराचा तुकडा वेल्ड करतो, आणि दोघांच्याही गाड्या पास होतात. कारण बघितला जातो तो फक्त नंबर.

याचा आणखी एक नमुना ऐका. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. चांगली गोष्ट आहे. पण व्याख्येतच अट आहे की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार होईल अशी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. पुण्या-मुंबईच्या बंद गॅरेजात कापड पांघरून ठेवलेल्या गाडीला हे जमेल. पन्नास पावसाळे खाल्लेल्या कोकणातल्या विलिसला कसं जमायचं? आमच्या तालुक्यात अशा दोन-तीन जीप अजून आहेत. त्यांच्या मालकांनी चासी वाचवायची की व्हिंटेज दर्जा वाचवायचा?

बाहेर काय करतात तेही सांगतो. जीपचा इंग्रज भाऊ म्हणजे लँड रोव्हर. १९४८ मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची केली आणि चासी पोलादाची. परिणाम असा की वरची बॉडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि खालची चासी सडते. आपल्याकडे मीठ हवेत असतं, तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावरच टाकतात. तिथे जुन्या लँड रोव्हरसाठी जस्त चढवलेल्या नव्या चासी रीतसर विकत मिळतात. आणि गाडीची ओळख ठरवायला तिथल्या नोंदणी खात्यानं गुणांची एक साधी पद्धत वापरली. मूळ चासी किंवा त्याच मापाची नवी, फेरफार न केलेली चासी असेल तर ५ गुण. सस्पेन्शनला २, ॲक्सलना २, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २, इंजिनाला १. एकूण ८ झाले की गाडीचा जुना नंबर कायम. यात 'नवी चासी' हा शब्द बघा. त्या सरकारला कळलं की गंजलेला पाया बदलणारा माणूस चोर नसतो. आपण त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणत नाही. पण कागदाच्या एका पानावर मावेल एवढी ही गोष्ट आहे, हे तर दिसतं!

आता विरोधातले मुद्दे. कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो.

"चासी बदलायला परवानगी दिली की चोरीच्या गाड्यांचं फावेल." हा मुद्दा खरा आहे. चासी नंबर इतका पवित्र मानतात तो चोरीमुळेच. पण आज काय होतंय? ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन असलेल्या कोणालाही चोरी पचवता येते, कारण सगळं अंधारात चालतं. उजेडात आणलं तर उलट अवघड होईल. जुनी चासी नंबरासकट, न कापता, अधिकाऱ्यासमोर जमा करायला लावा. नव्या चासीचं बिल मागा. इंजिन नंबर जुळतो का बघा. फोटो काढा. मग त्यांच्याच हातानं नवा नंबर ठोका आणि पुस्तकात लिहा. चोर कधी आपली जुनी चासी घेऊन कचेरीच्या दारात येईल का?

"जुन्या डिझेल गाड्या ठेवायच्याच कशाला? धूर किती!" हेही खरं. माझी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, त्यावर वाद नाही. धुराची तपासणी कडक करा, नापास झाली तर मी स्वतः भंगार केंद्रावर नेऊन देईन. पण २०२१ चं भंगार धोरण आलं तेव्हा सांगितलं गेलं होतं की खासगी गाडीचं वय नव्हे, तिची तब्येत बघू. मग तब्येत बघा ना! वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर चालणारी, आंब्याच्या दिवसांत बागेतून पेट्या काढणारी आणि पावसात दुसरी कुठलीच गाडी जात नाही अशा वाडीतून पेशंट खाली आणणारी ही गाडी आहे. १०८ ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथपर्यंत माणूस कोण आणतं, ते वाडीवाल्यांना विचारा. नव्या थारचे हप्ते त्यातल्या किती जणांना परवडतील, तेही विचारा.

"भावनेचा विषय आहे तुझा." आहे. आबांनी बागेचं कर्ज फेडल्यावर घेतलेली ही पहिली गाडी. नंबर घालून आणली त्या दिवशी त्यांनी बोनेटवर नारळ फोडला, तो पोचा अजून आहे. पण भावना बाजूला ठेवा. आपल्या तालुक्यात अशा किती जीप, कमांडर, पिकअप रोज माणसं घेऊन फिरतायत? शाळेची पोरं मागे बसलेली असतात. त्यांच्या पाट्यांचे हँगर कशात ठोकलेले आहेत, हे आज कोणालाही माहीत नाही. मालकाला नाही, ड्रायव्हरला नाही, पास करणाऱ्यालाही नाही. माझी गाडी वीसच्या वेगात होती आणि डोंगराच्या बाजूला टेकली. दर वेळी डोंगर आपल्याच बाजूला असेल असं नाही.

म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत.

एक. किनारपट्टीच्या तालुक्यांत पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची तपासणी खालून करा. खड्डा, टॉर्च, हातोडी. यंत्र ब्रेक सांगेल, दिवे सांगेल, धूर सांगेल. रंगाखाली लोखंड आहे की नाही, ते हातोडी सांगते. ताजा काळा रंग मारून आणलेली गाडी दिसली तर दोन ठोके जास्त मारा. माझ्यासारखे बरेच आहेत.

दोन. त्याच मापाची चासी बदलण्याची लेखी पद्धत ठरवा आणि ती मराठीत खिडकीबाहेर लावा. आधी परवानगी, मग काम, मग तपासणी, मग नोंद. किती दिवसांत उत्तर मिळेल, तेही लिहा.

तीन. चासीचं वेल्डिंग कोणी करावं हे ठरवा. आज गेट बनवणारा वेल्डर सकाळी ग्रिल जोडतो आणि दुपारी चासी. आयटीआयमधून शिकलेली पोरं गावात बसून आहेत. त्यांना या कामाची परीक्षा ठेवा, परवाना द्या, बिलावर त्यांची सही घ्या. पोरांना काम मिळेल आणि काही झालं तर जबाबदार कोण, हेही कळेल.

आमदार साहेबांना आणि परिवहन खात्याला मी हे लेखी दिलं आहे. त्यांच्या उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं की इथेच टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन.

गाडीचं काय झालं, असं बरेच जण विचारतात. टप काढून मांगराखाली ठेवलाय. इंजिन ताडपत्रीत बांधलंय. जुनी चासी अंगणात चिऱ्यांवर आडवी पडली आहे, नंबर वर करून. परवानगीचा अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे, बाकी काही नाही. तो एजंट मध्यंतरी बाजारात भेटला. "साहेब, अजून अर्जच? मी एव्हाना गाडी रस्त्यावर आणली असती." खोटं बोलत नव्हता. आणली असती.

परवा मिस्त्री घरी आले होते. चासीपाशी उकिडवे बसले, नंबरावरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणाले, "एवढा एक तुकडा बघा, काय मस्त ऱ्हायलाय." खरंच. पस्तीस वर्षांचे पावसाळे, मासळीचं पाणी, चिखल, सगळं सोसून नंबर लख्ख वाचता येतो. त्याच्यापासून चार फुटांवर बोट घालाल तर बोट आरपार जाईल.

आता तुमचं काम. रविवारी सकाळी टॉर्च आणि बारकी हातोडी घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. मागची आडवी पट्टी, पाट्यांचे हँगर, बॉडीचे माउंटिंग आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसवलाय ती जागा, या चार ठिकाणी हलके ठोके मारा. टण्ण वाजलं तर चहा प्या. बद्द वाजलं तर गाडी काढू नका, मिस्त्रींना बोलवा. आणि कसा आवाज आला, ते खाली कमेंटमध्ये लिहा. नाव लिहायची लाज वाटत असेल तर मला मेसेज करा. मीही दोन वर्षं लाजत होतो.

पोस्ट शेअर करायला विचारायची गरज नाही.